मुठीत राहिलेला खडा

रामदास धोत्रे सुरुंग मोजायचे ते खड्यांवर. जेवढी भोकं दारूनं ठासली असतील तेवढे खडे ते डाव्या मुठीत घेत. वाती पेटवून झाल्या की खाणीच्या काठावर कडुनिंबाच्या खोडाआड उभे राहत आणि एकेक आवाज झाला की एकेक खडा उजव्या हातात टाकत. डावी मूठ रिकामी झाली म्हणजे सगळे सुरुंग उडाले. मग गळ्यातली शिट्टी वाजायची आणि माणसं खाली उतरायची. एखादा खडा मुठीत राहिलाच, तर अर्धा तास कुणी जागचं हलायचं नाही, आणि त्यानंतरही आधी एकटे रामदास उतरून बघणार, असा त्यांचा नियम होता.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते १९९४ साली. खराडीच्या पुढे, नगर रस्त्यापासून आत, रावसाहेबांची खडीची खाण होती. मी बी.कॉम. झालेलो, आधीची कंपनी बंद पडलेली, म्हणून तिथल्या पत्र्याच्या ऑफिसात हिशेबनीस म्हणून लागलो. कोथरूडहून दोन बस बदलून जायचो. हजेरीपट, डंपरच्या पावत्या, सुरुंगांची नोंदवही, सगळं माझ्याकडे. नोंदवहीत रोज लिहायचं असे : भोकं किती, आवाज किती, शिट्टी किती वाजता. आकडा रामदास सांगत, मी लिहीत असे.

एकदा मी विचारलं, ‘‘धोत्रे, तिसरीपर्यंत शिकलात ना? मग पंधरापर्यंत मनात मोजता येत नाही?’’

‘‘येतं की. पन मन इसरतं, साहेब. मूठ इसरत न्हाई.’’

त्यांचे बाप-आजे दगड फोडणारेच. पुण्याच्या कितीतरी जुन्या भिंतींचे दगड त्यांच्या घरातल्या हातांनी घडवलेले. रामदासांच्या वेळी मात्र घडवायचं काम संपलं होतं, फक्त उडवायचं राहिलं होतं. खाणीच्या वरच्या अंगाला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. बायको यमुनाबाई, मोठा मुलगा शंभू आणि त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान भाग्यश्री. शंभू खाणीतच ड्रिलिंगचं यंत्र चालवायचा. भाग्यश्रीचे शाळेचे फॉर्म मी भरून द्यायचो. माझं अक्षर चांगलं आहे आणि खाडाखोड होत नाही, म्हणून यमुनाबाई तिला माझ्याकडे धाडायच्या.

२००२ च्या मार्चमध्ये जे झालं ते आता सरळच लिहितो.

त्या काळात खराडीत एकापाठोपाठ एक पाये खणले जात होते. काचेच्या इमारती होणार, त्यात कॉम्प्युटरवाले बसणार, एवढंच आम्हाला माहीत होतं. खडी पुरत नव्हती. रामदास पूर्वी दिवसातून एकदा सुरुंग लावायचे, ते तीन-तीनदा लावू लागले. त्या दिवशी दुपारी चौदा भोकं ठासली होती. बाहेर डंपरची रांग होती आणि रावसाहेब स्वतः जीप घेऊन काठावर येऊन थांबले होते. कुठल्याशा साइटवर स्लॅबचं काम खडीवाचून अडलं होतं.

सुरुंग उडाले. रामदास झाडाआडून बाहेर आले, पण शिट्टी वाजवेनात. त्यांची डावी मूठ मिटलेलीच होती.

‘‘काय झालं?’’ रावसाहेबांनी विचारलं.

‘‘एक राहिलाय. तेरा झाले.’’

‘‘अरे, दोन एकदम गेले. मी ऐकलं की. जोडआवाज होता.’’

‘‘असंल. पन अर्धा तास थांबू.’’

‘‘अर्धा तास? तिकडं माणसं रिकामी बसलीत, रामदास.’’ मग ते माझ्याकडे वळले. मी ऑफिसच्या दारात पावत्यांचं पुस्तक घेऊन उभा होतो. ‘‘काय हो, तुम्हीही ऐकलंत ना? दोन एकदम गेले ना?’’

मी पावत्या लिहीत होतो. आवाजांकडे माझं लक्ष नव्हतं. तरीही मी म्हणालो, ‘‘हो, मलाही तसंच वाटलं.’’

रामदासांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या नोंदीत कधी चूक निघाली नव्हती. त्यांनी शिट्टी वाजवली.

शंभू यंत्र घेऊन सगळ्यांत आधी उतरला. पाचेक मिनिटांनी त्याच्या यंत्राचा दांडा न उडालेल्या भोकाला लागला. तो चौदावा आवाज मी ऐकला. शंभू तेवीस वर्षांचा होता.

रावसाहेबांनी संध्याकाळी मला आणि रामदासांना आत बोलावलं. शिट्टीचा उल्लेख झाला तर रामदासचं लायसन जाईल आणि तोही आत जाईल. मागे बाई आणि एवढीशी पोर, असं ते म्हणाले. ते खोटं नव्हतं. ते स्वतःही आत गेले असते, हे मात्र ते बोलले नाहीत. पोलिसांना द्यायचा जबाब मी लिहिला : ‘‘शंभू रामदास धोत्रे हा शिट्टी होण्यापूर्वीच, कोणासही न विचारता, खाणीत उतरला.’’ खाली रामदासांनी सही केली. खाणीतल्या बाकीच्यांची तोंडं रावसाहेबांनी बंद केली. नोंदवहीतही मी आवाज तेरा, शिट्टी नाही, असंच लिहिलं. खाडाखोड नाही.

त्या एका वाक्यावर ते घर पुढे पंधरा वर्षं चाललं. यमुनाबाई मुलाच्या फोटोला हार घालायच्या आणि पुटपुटायच्या, ‘‘घाईचाच होता मेला. पोटातनं बी आठव्या महिन्यात आला.’’ भाग्यश्री धावत जिना उतरली, पेपर वेळेआधी देऊन आली, गरम चहा प्यायली, की त्या म्हणायच्या, ‘‘शंभूसारखं करू नगंस.’’ पोर त्यामुळे इतकी जपून वागू लागली की रस्ता ओलांडतानाही चारदा बघायची. पुढे ती कॉम्प्युटर शिकली आणि खराडीतल्याच एका आयटी पार्कमध्ये टेस्टिंगच्या कामाला लागली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये काय राहून गेलं ते शोधायचं, हे तिचं काम. एकदा मला म्हणाली, ‘‘काका, ऑफिसात सगळे म्हणतात, भाग्यश्रीच्या हातून बग सुटत नाही. त्यांना काय माहीत, हे आईचं ट्रेनिंग आहे.’’ मी हसलो. दुसरं काय करणार?

खाण २००८ मध्ये बंद झाली. खड्ड्यात पाणी साचलं, भोवती कंपाउंड आलं. मी एका बिल्डरच्या ऑफिसात लागलो. रामदासांना खोकला लागला होता. डॉक्टर म्हणाले, छातीत दगडाची पूड बसली आहे, ती निघत नाही. मी महिन्यातून एखाद्या रविवारी त्यांच्याकडे जात असे. त्या दिवसाबद्दल आम्ही कधीच बोललो नाही.

२०१७ च्या गणपतीनंतरच्या एका रविवारी भाग्यश्री वडिलांना मोबाइलवर फोटो दाखवत होती. जॉर्डन देशातलं वाळवंट, वादी रम. तांबडी वाळू आणि तिच्यातून सरळ उभे राहिलेले, पाचशे-सहाशे मीटर उंचीचे कडे. कुठे खडकाची कमान, कुठे मेणबत्ती वितळावी तसे ओघळलेले दगड. तिच्या ऑफिसातलं कुणीतरी जाऊन आलं होतं. पुण्याहून मराठी ग्रुप जातो, सोबत स्वयंपाकी असतो, व्हिसाचंही तेच बघतात, असं ती सांगत होती. आईबाबांनी आयुष्यात जेजुरीपलीकडे काही पाहिलं नाही, हे तिच्या मनात होतं.

रामदासांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. ‘‘ह्याला कुनी हात लावला न्हाई?’’

‘‘नाही बाबा. प्रोटेक्टेड आहे तो सगळा एरिया. सुरुंगबिरुंग अलाउडच नाही.’’

‘‘मग जाऊ,’’ रामदास म्हणाले. ‘‘पन साहेब येत असतील तर.’’

‘‘काकांना कशाला त्रास? मी आहे ना.’’

‘‘साहेब येत असतील तर,’’ ते पुन्हा म्हणाले.

मला बसस्टॉपपर्यंत सोडायला म्हणून ते बाहेर आले आणि खिशातून एक खडा काढून माझ्यासमोर धरला. काळा, सुपारीएवढा. मी ओळखला नाही.

‘‘त्या दिसाचा,’’ ते म्हणाले. ‘‘मुठीत राहिलेला. शंभूचं मडकं फोडलं ते ह्यानंच.’’

आपल्याकडे चितेपाशी ज्या दगडानं मडकं फोडतात त्याला जीवखडा म्हणतात. गेलेल्याचा जीव दहा दिवस त्यात असतो असं मानतात. दहाव्याला त्याच्यावर तीळपाणी देऊन तो नदीत सोडतात.

‘‘मग हा तुमच्याकडे कसा?’’

‘‘दहाव्याला नदीत सोडला तो दुसरा हुता. हा खिशात ठिवला. खोटं सांगून त्याला कसा सोडू, साहेब? यमुनीला खरं सांगीन तवाच सोडीन, असं ठरीवलं. पंधरा वर्सं झाली. आता दम पुरत न्हाई.’’

‘‘मग सांगा ना इथेच. तिकडे कशाला जायचं?’’

त्यांनी नगर रस्त्याच्या बाजूला हात केला. तिथे अर्धा कापलेला डोंगर होता आणि कातळाच्या अंगावर ड्रिलच्या उभ्या पन्हळी स्पष्ट दिसत होत्या. ‘‘हितं जिकडं बघावं तिकडं माझीच भोकं हायेत. ह्यांच्याम्होरं त्वांड उघडत न्हाई. जिथं सुरुंग लागला न्हाई असल्या दगडाफुडं न्या मला. आन् तुमी पायजे. माझ्या एकट्याच्या बोलन्यावर तिचा इस्वास बसनार न्हाई.’’

माझी अकरा दिवसांची रजा शिल्लक होती. मी अर्ज दिला.

नोव्हेंबरमध्ये आम्ही गेलो. ग्रुपमध्ये बावीस माणसं, बहुतेक कोथरूडची निवृत्त मंडळी. पहिला दिवस प्रवासात गेला, पुढचे दोन दिवस शहरं आणि देवळं झाली आणि चौथ्या दिवशी सकाळी वादी रम. उघड्या जीपच्या मागच्या भागात बाकं बसवली होती. आमच्या जीपमध्ये बद्रीनाथ सोमण म्हणून एक निवृत्त बँक मॅनेजर होते. कडे दिसायला लागल्यावर सगळे गप्प झाले, तेव्हा तेच म्हणाले, ‘‘एवढ्यासाठी व्हिसा! आमच्या कात्रजच्या घाटात काय दगड कमी आहेत?’’

त्यांच्या पत्नी म्हणाल्या, ‘‘मग तिथेच उतरायचं होतं. पीएमटीचा पास आहे तुमच्याकडे.’’

सगळे हसले. यमुनाबाईही पदराआडून हसल्या. त्यांना हसताना मी फार वर्षांनी पाहिलं.

ती जागा खरोखर वेगळी होती. वाळू विटेच्या भुकटीसारखी लाल. तिच्यातून कसलीही पायरी न घेता कडे उठलेले, खाली करडे आणि वर तांबूस. वाऱ्यानं कुठे पोकळ केलेले, कुठे भोकं पाडलेली, आणि ती भोकं वाकडीतिकडी, कुणी न मारलेली. झाड नाही, पक्षी नाही. जीप थांबली की इतकी शांतता होई की आपलं रक्त कानात ऐकू यावं. मला ते सुंदर वाटलं असं म्हणवत नाही. मला भीती वाटत होती, कारण मी कशासाठी आलो आहे ते मला माहीत होतं.

रामदास खाली उतरले आणि कड्याशी गेले. दोन्ही हातांनी दगड चाचपत हळूहळू पुढे सरकत राहिले. वीसेक पावलांवर दम लागला म्हणून टेकले.

‘‘न्हाई,’’ मला म्हणाले. ‘‘एक बी पन्हळ न्हाई. हा नुसत्या वाऱ्यानं फुटलाय. अशी घाई नसलेली फूट म्या कंदी बगितली नव्हती.’’

पुढे एक अरुंद घळ होती. दोन्ही बाजूंना सरळ कडे, मधे जेमतेम दोन माणसं जातील एवढी वाट. जीपवाल्यानं तोंडाशी हात धरून एक आरोळी दिली आणि ती दोनदा परत आली. मग काय, आमच्या मंडळींना चेव आला. ‘‘गणपती बाप्पा!’’ सोमण ओरडले आणि ‘‘मोरया’’ म्हणेपर्यंत ‘‘बाप्पा... बाप्पा’’ परत येत राहिलं. एकापाठोपाठ एक सगळे ओरडू लागले. आवाजावर आवाज चढले.

रामदास भिंतीला पाठ लावून उभे होते. त्यांची डावी मूठ मिटलेली होती आणि ओठ हलत होते.

आवाज संपले. टूर मॅनेजरनं चहा तयार असल्याचं सांगितलं आणि मंडळी तंबूकडे निघाली. आम्ही चौघे मागे राहिलो.

‘‘बाबा, काय मोजताय?’’ भाग्यश्रीनं विचारलं.

‘‘आवाज,’’ ते म्हणाले. ‘‘बस जरा. यमुने, तू बी बस. साहेब, तुमी बी.’’

आम्ही सावलीत वाळूवर बसलो. रामदासांनी मूठ उघडली आणि तो काळा खडा समोर ठेवला. मग त्यांनी सांगितलं. मध्ये मध्ये खोकला येत होता, तेव्हा थांबत होते. चौदा भोकं, तेरा आवाज. खडा मुठीत असताना वाजवलेली शिट्टी. शिट्टी ऐकून उतरलेला शंभू. दहाव्याला बदललेला जीवखडा. रावसाहेबांचं नाव त्यांनी एकदा घेतलं, माझं घेतलंच नाही.

यमुनाबाईंनी विचारलं, ‘‘शिट्टी ऐकून गेला हुता?’’

‘‘व्हय.’’

‘‘म्हंजी सांगितल्यावरच गेला.’’

‘‘व्हय.’’

‘‘आन् म्या पंधरा वर्सं त्याला घाईचा म्हनले. रोज फोटोफुडं उभं ऱ्हाऊन शिव्या दिल्या.’’ त्यांचा आवाज चढला नव्हता. ‘‘शिट्टी वाजवायचं तुमी एकल्यानंच ठरीवलं?’’

‘‘व्हय,’’ रामदास म्हणाले.

मी गप्प बसलो असतो तर तिथेच संपलं असतं. त्यांनी ती वाट मला ठेवली होती.

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘रावसाहेबांनी मला विचारलं होतं. दोन आवाज एकदम झाले, असं मी सांगितलं. मी ऐकलं नव्हतं. आणि तो जबाबही मीच लिहिला.’’

भाग्यश्री माझ्याकडे वळली. ‘‘काका, माझा दहावीचा फॉर्म तुम्ही भरलात,’’ ती म्हणाली. ‘‘बारावीचा, इंजिनिअरिंगचा. माझ्या सगळ्या कागदांवर तुमचंच अक्षर आहे. आणि दादाच्या कागदावरसुद्धा?’’

त्यानंतर तिनं मला काका म्हटलेलं नाही.

रामदासांनी खडा उचलला. ‘‘यमुने, हितंच ठिवू का ह्याला? ही जागा बरी हाय. हितं कुनी सुरुंग लावनार न्हाई.’’

‘‘हितं?’’ यमुनाबाई म्हणाल्या. ‘‘जिथं पान्याचा थेंब न्हाई तिथं? माझ्या पोराला तीळपानी बी न देता, परमुलखात टाकून जायचं?’’ त्यांनी खडा त्यांच्या हातातून घेतला, पदराच्या टोकाला गाठ मारून त्यात बांधला आणि उठून एकट्याच जीपकडे चालू लागल्या. वाळूत पाय रुतत होते, पण त्यांनी कुणाचा हात धरला नाही.

यमुनाबाई त्यानंतर रामदासांशी बोलल्या नाहीत. विमानात त्यांनी जागा बदलून घेतली. घरी आल्यावर वेळेवर ताट वाढत, औषध पाण्यासकट समोर ठेवत, पाठ चोळून देत, पण शब्द नाही. मी दोनदा गेलो. रामदास कॉटवर बसून असत. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, ‘‘बोलंल म्हनून सांगितलं नव्हतं, साहेब. तिला शंभू परत मिळाला, तेवढं बास.’’ भिंतीवर शंभूच्या फोटोला ताजा हार होता आणि त्यापुढे चहाचा कप ठेवला होता. जिवंतपणी तो दोन चमचे साखर घ्यायचा, हे मला त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं. यमुनाबाईंनी सांगितलं, भिंतीकडे तोंड करून.

सात महिन्यांनी, २०१८ च्या जूनमध्ये, रामदास गेले. शेवटचे तीन दिवस श्वास घेण्यातच गेले.

बायका सहसा येत नाहीत, पण यमुनाबाई स्मशानात आल्या. मडकं भाग्यश्रीच्या खांद्यावर होतं. विधी सांगणारे गुरुजी दगड शोधायला खाली वाकले, तेव्हा यमुनाबाई पुढे झाल्या, पदराची गाठ सोडली आणि काळा खडा त्यांच्या हातावर ठेवला.

‘‘ह्यो घ्या.’’

‘‘अहो, इथला कुठलाही चालतो.’’

‘‘ह्योच चालंल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बापलेकाला एकच पुरं.’’

दहाव्याला नदीकाठी तीळपाणी झालं, आधी शंभूचं, मग रामदासांचं. मी मागे, पायऱ्यांवर उभा होतो. खडा पाण्यात सोडायची वेळ आली तेव्हा यमुनाबाईंनी मला हाक मारली. मी खाली, अगदी पाण्याशी गेलो.

‘‘साहेब, मागं न ऐकताच हो म्हनलात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता नीट बगा, नीट ऐका. मग घरी जाऊन लिवा. सगळं लिवा. आन् ते शिट्टीच्या आधी गेला म्हनून लिवलंय, ते खोडा.’’

ती नोंदवही खाणीबरोबरच गेली आणि तो जबाब कुठल्या गठ्ठ्यात आहे हे कुणाला माहीत नाही. खोडायला माझ्या हातात काही नाही. म्हणून हे लिहिलं.

भाग्यश्रीनं खडा पाण्यात टाकला. एकच आवाज झाला. मी तो ऐकला.